उम्म सईदचे गाव

दुबईहून परत आल्यापासून सांगलीतले ओळखीचे लोक मला दोनच प्रश्न विचारतात. उंच मनोरा पाहिला का आणि सोने किती आणले. मनोरा गाडीच्या काचेतून पाहिला. सोने आणले नाही. घडणावळ आणि येताना लागणारा कर धरला तर फारसे काही वाचत नव्हते. मग पंधरा दिवस केले काय, असे ते विचारतात. त्याचे उत्तर दारात उभे राहून देण्यासारखे नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही एका बाईला भेटायला गेलो होतो, आणि ती जिवंत आहे की नाही हे आम्हाला माहीत नव्हते.

माझे वडील सांगलीजवळच्या एका कारखान्यात फिटर होते. सत्तरच्या दशकात, अमिराती हा देश नवा असताना, त्यांना तिकडच्या एका लहान गावात डिझेलचा जनरेटर चालवण्याचे काम मिळाले. गाव अल ऐन शहरापासून तासाभराच्या अंतरावर, उघड्या तपकिरी डोंगरांच्या पायथ्याशी. तीस-चाळीस घरे, त्यांतली निम्मी खजुराच्या झावळ्यांची. माझा जन्म सांगलीचा, पण आई मला तीन महिन्यांचा घेऊन तिकडे परत गेली आणि महिन्याभरात तिला विषमज्वर झाला. तिला अल ऐनच्या इस्पितळात ठेवावे लागले, ते जवळजवळ दोन महिने. बाटलीतले दूध मी तोंडात धरीना. शेजारच्या घरात उम्म सईद होती. तिच्या पदरात माझ्याच वयाची मुलगी होती, मोझा. उम्म सईदने मला उचलून घरी नेले आणि मोझाबरोबर मलाही पाजले.

उम्म सईद म्हणजे सईदची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. तिचे स्वतःचे नाव माझ्या आईला कधीच कळले नाही.

मी सात वर्षांचा होईपर्यंत आम्ही तिथे राहिलो. मग डोंगराच्या कडेने विजेचे मोठे खांब आले, जनरेटर बंद झाला आणि वडिलांचे काम संपले. ते दिवस हजचे होते. उम्म सईद मक्केला गेली होती. आई तिला न भेटताच निघाली. त्यानंतर पत्ता नाही, फोन नाही. वडील जाऊनही नऊ वर्षे झाली. माझा धाकटा भाऊ नितीन दुबईत नोकरी करतो, तो आईला दर वर्षी बोलवायचा आणि ती दर वर्षी गुडघे पुढे करायची. यंदा मात्र ती स्वतःच म्हणाली, "मला त्या बाईचे उपकार तिच्या तोंडावर बोलून दाखवायचेत. ते झालं की मग कुठे नेऊ नका मला."

माझ्या पत्नीच्या शाळेत परीक्षा होत्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई असे दोघेच निघालो.

डिस्कव्हरी गार्डन्स

नितीन डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो. एकसारख्या चार मजली इमारती, मधून झाडी, आणि जिन्यात ज्याच्या त्याच्या दारातून वेगळी फोडणी. समोरच्या घरी सांबार, खाली बिर्याणी, नितीनकडे आमटी. आईला हे फार आवडले. आवडले नाहीत ते भाव. ती दिरहमला तेवीसने गुणायला पहिल्याच दिवशी शिकली.

"तीन दिरहमची मेथी. म्हणजे सत्तर रुपयांची एवढीशी जुडी," ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

नितीनची मुलगी इरा चौदा वर्षांची आहे. तिला मराठी सगळे कळते, पण उत्तर इंग्रजीत येते. "आजी, जस्ट डोन्ट कन्व्हर्ट," ती म्हणाली.

"काय म्हणते ही?"

"गुणाकार करू नकोस म्हणते," नितीनने सांगितले.

"मग पोट भरेल का हिचं?" आई म्हणाली आणि दुसरी जुडी उचलली.

आईने करामा भागातल्या बाजारातून एक नारळ घेतला. तांदूळ आणि इरकली खण ती सांगलीहूनच घेऊन आली होती. तिला उम्म सईदची ओटी भरायची होती. हळदीकुंकू तिने मुद्दाम आणले नव्हते. "त्यांच्यात चालत नसेल तर तिला अवघड नको वाटायला," असे तिचे म्हणणे. दोघीही आता नवरा नसलेल्या असतील तर ओटी कशी, असे मी विचारले. "तो नियम सांगलीतल्या बायकांनी केलाय. तिथे कोण विचारतंय," ती म्हणाली.

नितीनला अरबी येत नाही. त्याचा जुना सहकारी सलीमभाई आमच्याबरोबर यायला तयार झाला. सलीमभाई श्रीवर्धनचा, आता हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांचा व्यापार करतो. राहायला शारजाला. बत्तीस वर्षे तिकडे काढली तरी बोलताना पहिले मराठी, मग हिंदी, मग अरबी. शनिवारी सकाळी तो आपली सात जणांची गाडी घेऊन खाली हजर झाला आणि आईला बघून म्हणाला, "मावशी, पुढे बसा. गुडघे लांब करायला जागा आहे. नितीन, तू मागं. तू काय, रोजचाच."

रस्ता आणि अल ऐन

दुबईपासून अल ऐन सुमारे एकशे तीस किलोमीटर. माझ्या लहानपणी हा प्रवास आम्ही पिकअपच्या मागच्या फळीवर बसून केलेला आहे, तोही अर्धा रस्त्यावरून आणि अर्धा वाळूतून. सकाळी निघून दुपार व्हायची. आता सलीमभाईने दीड तासात पोचवले आणि वाटेत दोनदा चहासाठी थांबलाही. हा चहा कागदी पेल्यात मिळतो, आटवलेल्या दुधाचा, वेलदोड्याचा. हॉर्न वाजवला की पोऱ्या गाडीपाशी आणून देतो. आईने चव घेऊन सांगितले की हा आपल्या एसटी स्टँडवरच्या चहाच्या जवळ जातो, साखर मात्र त्याहून जास्त.

अल ऐन शांत शहर आहे. उंच इमारती नाहीत, चौकाचौकांत हिरवळ. मध्यभागी खजुराचे मोठे बन आहे. त्यातून फलज वाहतात. डोंगराच्या पोटातले पाणी उताराने, पंपाशिवाय, कित्येक किलोमीटर आणणारे हे दगडी पाट. कोणाच्या बागेला किती वेळ पाणी हे पूर्वी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजत. आमच्या गावातही एक फलज होता. मी आणि मोझा त्यात पाय सोडून बसायचो आणि खजुराच्या बिया सोडून कोणाची पुढे जाते ते बघायचो. ती हरली की माझी बी उचलून घ्यायची. हे मला स्वच्छ आठवते. तिचा चेहरा आठवत नाही.

इस्पितळाची जुनी इमारत राहिलेली नाही. आईने तिथे उतरायचेही नाकारले. "तिथलं काय बघायचंय? छत बघत पडले होते नुसती," ती म्हणाली.

जुने गाव

गाव सापडले ते नकाशावर, पण तिथे पोचल्यावर गावच नव्हते. सरकारने लोकांना दोन-तीन किलोमीटर अलीकडे नवी घरे बांधून दिली आहेत. जुन्या जागी मातीचा टेहळणी बुरूज डागडुजी करून उभा आहे, त्याला पाटी आहे. झावळ्यांच्या घरांचे काहीच उरलेले नाही. झावळ्यांचे काय उरणार? मशीद आहे. फलज आहे, पण कोरडा. तळाशी वाळू, एका जागी चिप्सची पिशवी. वर बोअरवेल झाल्या आणि पाणी खाली गेले, असे सलीमभाईने पाटीवरून वाचून सांगितले. आमच्याकडे तासगावच्या बाजूला विहिरींचे जे झाले तेच.

आईने जनरेटरची जागा बरोबर ओळखली. सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले चार गंजलेले बोल्ट, एवढेच तिथे होते. रोज दिवेलागणीला वडील जनरेटर सुरू करत. गावची सगळी पोरे त्याआधी शेडसमोर जमायची. पहिले धक्के, मग काळा धूर, मग मशिदीचा दिवा, मग घराघरातले. चार तास वीज. वडिलांनी फक्त आयटीआय केलेले होते, पण गाव त्यांना मुहंदिस म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर. सांगलीत परत आल्यावर त्यांना कोणीच तसे म्हटले नाही.

आई चौथऱ्याच्या कडेवर बसली. नितीनने हे गाव पाहिलेलेच नव्हते. तो फोटो काढत होता.

"आई, बोल्टला हात लावून बस. बाबांचा फोटो आला असं वाटेल."

"फोटो नंतर. ती आहे का नाही ते आधी विचारा," आई म्हणाली.

तीन उम्म सईद

नव्या गावात एक किराणा दुकान आहे. गल्ल्यावर केरळचा मध्यमवयीन माणूस होता. आम्ही उम्म सईदचे घर विचारले.

"कौन सी? इधर तीन उम्म सईद है," तो म्हणाला.

हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. आपल्याकडे गावात जाऊन 'बाळूची आई' विचारण्यासारखेच ते. सलीमभाईने सांगितले की वय पंचाहत्तरच्या पुढे, मुलगी मोझा, जुन्या गावात घर जनरेटरशेजारी, आणि आलेत ती मुहंदिसची माणसे. दुकानदाराने थोडा विचार केला.

"एक उम्म सईद पिछले साल ऑफ हो गयी," तो म्हणाला.

आई गाडीत बसली होती, काच खाली होती. तिने ऐकले. मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली. दुकानदाराने फोन लावला, मल्याळीमिश्रित अरबीत काही बोलला, दोनदा 'मुहंदिस' म्हणाला, आणि फोन ठेवून आमच्याकडे वळला.

"वो नहीं, वो दूसरी. आपकी वाली घर में है. सईद खुद आता है."

आईने पिशवी सोडली. सलीमभाई मराठीत पुटपुटला, "इतका वेळ काय लावलास रे बाबा."

पांढऱ्या मोठ्या गाडीतून सईद आला. साठीचा, पांढरा लांब अंगरखा, पांढरी दाढी बारीक कापलेली. त्याने वडिलांची चौकशी केली. ते गेल्याचे ऐकून उभ्या उभ्या प्रार्थना म्हटली. मग नितीनला आणि मला म्हणाला, "मुहंदिस लाइट देता था. मैं छोटा था, आपका बाबा मुझे बोलता था, हाथ मत लगाओ, करंट है." जुन्या पिढीतल्या अरबांना हिंदी येते हे मला आठवत होते, पण इतकी येईल असे वाटले नव्हते.

मजलिस

त्यांच्या घरांना दोन दारे असतात. एक दार मजलिसचे, म्हणजे पुरुष पाहुण्यांच्या बैठकीचे, आणि दुसरे घरातल्या माणसांचे. बायका आईला दुसऱ्या दाराने आत घेऊन गेल्या. आम्ही तिघे मजलिसमध्ये बसलो. भिंतीला टेकून गाद्या आणि लोड, मध्ये गालिचा. कॉफी आली. ही कॉफी पिवळसर आणि कडवट असते, कप वाटीएवढा. रिकामा कप हलवून दाखवला नाही तर वाढणारा भरतच राहतो. नितीनला बारा वर्षांत हे पाठ झाले होते, मी पाच कप प्यालो.

मी हिशेब तपासणारा माणूस आहे. ज्याच्याकडे जायचे त्याला कामाचे कारण पहिल्या पाच मिनिटांत सांगावे, अशी माझी सवय. सईदने येण्याचे कारण विचारताच मी हिंदीत म्हणालो, "आपकी माताजी ने बचपन में मुझे दूध पिलाया है. मेरी माँ उनका शुक्रिया अदा करने आयी है."

मला हे साधे कृतज्ञतेचे वाक्य वाटले होते. सईदने हातातला कप खाली ठेवला. सलीमभाई माझ्याकडे असा बघत राहिला की मी काही सांडलेच असावे.

"कितना टाइम?" सईदने विचारले.

"कितना मतलब?"

"एक बार, दो बार, कितना? पेट भर के?"

आयुष्यभर दुसऱ्यांना आकडे विचारत आलो, आणि या एका आकड्याचे माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तेव्हा चार महिन्यांचा होतो.

सईद शांतपणे म्हणाला, "भाई, ये छोटी बात नहीं है. उस साल मैं अल ऐन में मामा के घर था, स्कूल में. मैंने देखा नहीं, मुझे किसी ने बोला नहीं. मेरी माँ बोलेगी तो है. नहीं बोलेगी तो मैंने सुना नहीं, आपने बोला नहीं." आणि तो उठून आत गेला.

दार बंद झाल्यावर सलीमभाईने मांडीवर हात मारला. "दादा, मला गाडीत तरी सांगायचं होतंत. मावशी फक्त शेजारीण होती शेजारीण होती म्हणतायत. दूध पाजलंय हे कुठे बोललात?"

"त्यात काय झालं?"

"काय झालं? तुमच्याकडे बोलायची गोष्ट, आमच्याकडे कायद्याची. त्या बाईचं दूध प्यालात तर ती तुमची आई. कागदावरची नाय, खरीखुरी. तिच्या मुली तुमच्या बहिणी. त्यांच्याशी लग्न हराम, आणि म्हणूनच त्यांना तुमच्यासमोर पडदा नाही. आता असा एक माणूस पन्नास वर्षांनी येऊन म्हणतोय की मला तुमच्या बहिणींसमोर बसायचा हक्क आहे. सईदच्या जागी मी असतो तर चहा पण दिला नसता."

"मी तसं कुठे म्हटलं?"

"तसंच म्हटलंत. आणि तो किती वेळा प्यालात असं का विचारत होता माहिताय? काही जण म्हणतात पाच वेळा पोटभर प्यायला पाहिजे, काही जण म्हणतात एकदा पुरे. पण आईची साक्ष पाहिजे."

आपल्याकडे दूधभाऊ हा शब्द आहे. मी तो लहानपणापासून वापरत आलो. पण आपल्याकडे त्याच्यामागे काही नाही, ना बंधन, ना हक्क. तो एक चांगला शब्द आहे, बस. तिथे त्याच्यामागे आख्खे प्रकरण होते आणि मी ते कॉफी पिता पिता उघडले होते. मला सईदच्या रागाची भीती नव्हती. आत आई होती. एवढ्या वर्षांनी ती जे बोलायला आली होती, ते बोलण्याआधीच कोणी येऊन उठा म्हटले तर, हे माझ्या डोक्यात होते. उम्म सईदचे वय ऐंशीच्या घरात. तिला आठवले नाही तर आई खोटी ठरणार होती, आणि तेही माझ्यामुळे.

नितीन म्हणाला, "दादा, तू ऑडिटला गेल्यावर पण असाच सुरुवात करतोस का?"

बऱ्याच वेळाने दार उघडले. सईद आत आला, पूर्वीच्या जागी बसला, आणि आम्हा तिघांकडे बघत अगदी गंभीरपणे म्हणाला, "माँ बोलती है, वो लड़का सिर्फ राइट साइड पीता था. लेफ्ट में मुँह नहीं लगाता था. मोझा को लेफ्ट देना पड़ता था. दो महीना रोज. मैंने आपकी माँ को अलग पूछा. वो भी बोली, हाँ, मेरे पास भी सिर्फ राइट." मग तो हसला. "मोझा अभी तक गुस्सा है."

सलीमभाईने मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. नितीन उघडच हसत होता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला स्वतःबद्दल अशी माहिती चारचौघांत मिळावी आणि ती दोन साक्षीदारांनी जुळवून द्यावी! मी आता रिकामा कप हलवून दाखवला. सईद उठला, माझ्याजवळ आला, आणि तिकडच्या रीतीप्रमाणे त्याने आपले नाक माझ्या नाकाला लावले. "यल्ला, अंदर चलो," तो म्हणाला.

मी उठलो. नितीनही उठला. सईदने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले. "आप बैठो हबीबी. आप मेहमान. ये भाई है."

"अरे, पण हा माझा सख्खा भाऊ आहे," नितीन सलीमभाईला म्हणाला.

"असेल. दूध त्याने प्यायलंय, तू नाय," सलीमभाई म्हणाला. "कॉफी घे."

आतली खोली

आत आई आणि उम्म सईद एकमेकींच्या गुडघ्याला गुडघा लावून गादीवर बसल्या होत्या. उम्म सईदच्या तोंडावर बुर्का होता. आपल्याला वाटतो तसा अंगभर नव्हे. कपाळावर आणि नाकावर बसणारा, निळसर सोनेरी झाक असलेला एक कडक कापडी पट्टा, त्यालाच तिकडे बुर्का म्हणतात. म्हाताऱ्या बायकाच तो अजून वापरतात. मी दारात थांबलो. तिने मला हाताने जवळ बोलावले, डोक्यामागची गाठ सोडली आणि बुर्का काढून मांडीवर ठेवला.

मी गालिच्याकडे बघत होतो. आईने मला ढोसले. "वर बघ. तिने कशासाठी काढलाय?"

मग मोझा आली, बरोबर तिची लेक. दोघींनीही चेहरा झाकलेला नव्हता. सईदची बायको मात्र पूर्ण झाकून, लांब बसून होती. दूधभावाची बायको मला परकीच, असा हिशेब मला सईदने समजावला. बहीण आपली, भाची आपली, वहिनी नाही. कुठे रेघ ओढायची हे इतके नेमके ठरवलेले पाहून मला त्या लोकांबद्दल, माझ्या धंद्यामुळे असेल, फार आदर वाटला.

मोझा शाळेत मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त आहे. तिने मला आपादमस्तक न्याहाळले आणि इंग्रजी-हिंदी मिसळून म्हणाली, "फिफ्टी इयर्स मैंने सुना है, अच्छा वाला साइड तुमने लिया."

"आप मेरी खजूर की बी भी ले लेती थी," मी म्हणालो.

"वो हिसाब बराबर," ती म्हणाली.

आईने मग ते बोलायचे ठरवले. मी तिला ओळखतो. ती पदर सारखा करते, एकदा घसा साफ करते. तिची हिंदी सांगलीची. "उम्म सईद, मैं मर जाती तो भी मेरा बच्चा जिया होता, आपके कारण. ये मैंने आपको कभी बोला नहीं. बोलना था."

उम्म सईदने तिला पुढे बोलू दिले नाही. तिने आईच्या तोंडावर हात ठेवला. तिची हिंदी आईहून मोडकी होती. "किसका बच्चा? तुम्हारा, मेरा. अपने बच्चे का शुक्रान कौन लेता है?" आणि मग रागाने, खऱ्या रागाने म्हणाली, "मैं हज से आयी, तुम खलास. घर खाली. मेरा लड़का ले गया, मुझको बोला नहीं."

आईचे डोळे भरून आले. "कॉन्ट्रॅक्ट खलास हुआ," ती म्हणाली. "साहब बोला, परसों विमान. मैं आपकी दहलीज पे बैठी थी. आप नहीं आयी."

"मैंने बहुत रोया," उम्म सईद म्हणाली. "मोझा को मारा भी. बोली, तुमने जाने क्यों दिया."

मोझाने मान हलवली. तेही तिच्या लक्षात होते.

आई उपकार फेडायला निघाली होती आणि तिथे तिच्याच नावावर बाकी निघाली. तिने उम्म सईदचे दोन्ही हात धरून माफी मागितली, मराठीत, आणि उम्म सईदने ती समजल्यासारखी घेतली. मग आईने पिशवी उघडली. नारळ, खण आणि तांदूळ बघून उम्म सईद गोंधळली. आईने तिला पदर कसा धरायचा ते दाखवले. पदर नव्हताच, तिने डोक्यावरची काळी ओढणी दोन्ही हातांनी पसरली. आईने तीन ओंजळी तांदूळ घातले. थोडे गालिच्यावर सांडले. मोझाची लेक वाकून एकेक दाणा वेचत होती.

जेवणाबद्दल लिहिले नाही तर हे लिखाण अपुरे राहील. परातभर भात आणि त्यावर आख्खे कोकरू आले. आई मांसाहार करत नाही हे कळताच घरात धावपळ उडाली आणि तिच्यासाठी बलालीत करून आणले. ते म्हणजे साखर-वेलदोड्याच्या केशरी शेवया, पण वर अंड्याची पोळी पसरलेली. आईने अंडे हळूच माझ्या ताटात सरकवले आणि शेवया दोनदा मागून घेतल्या. नंतर लुकैमात आले, खजुराच्या पाकात बुडवलेले तळलेले गोळे, आपल्या गुलगुल्यांचेच भाऊबंद. उम्म सईद दर घासाला मला आणखी वाढायला लावत होती आणि आई तिला सांगत होती की याचे साखरेचे रिपोर्ट चांगले नाहीत. दोघींनी मिळून ठरवले की मी बारीक झालो आहे. माझे वजन ब्याऐंशी किलो आहे.

निघताना

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. आईला उठवायला मोझाने एक हात धरला आणि मी दुसरा. पुन्हा कधी, असे कोणी विचारले नाही. उम्म सईदने सईदला सांगितले की ईदला याला फोन करायचा, आणि मला सांगितले की फोन आला तर उचलायचा. सईदने माझा नंबर घेतला आणि तिच्यासमोरच एकदा वाजवून खात्री केली.

मग ती म्हणाली, तुझा दुसरा भाऊ बाहेर बसला आहे, त्याला बघायचे आहे. तिने बुर्का पुन्हा चढवला, डोक्यामागे गाठ मारली, ओढणी घट्ट केली, आणि मोझाचा आधार घेऊन मजलिसच्या दारापर्यंत आली. मोझानेही चेहरा झाकला होता. नितीन आणि सलीमभाई उभे राहिले, नजर खाली. उम्म सईदने नितीनला लांबूनच आशीर्वाद दिला, त्याच्या मुलीला म्हणून एक अत्तराची बाटली दिली, आणि परत फिरली. वळताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

परतीच्या वाटेवर आई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती. अल ऐनचे दिवे मागे पडले तेव्हा नितीन म्हणाला, "दादा, दिसतात कशा रे त्या? मला तर फक्त डोळे दिसले. ती मोझा तिच्या आईसारखी दिसते का?"

मी सांगायला तोंड उघडले. मला चेहरा पुरता आठवत होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत. सांगली सोडून इतक्या लांब आल्यावर जे पाहिले ते भावाला सांगण्यासारखे दुसरे काय होते? पण त्या बाईने तो बुर्का बाहेर येताना कोणासाठी बांधला होता हे मी नुकतेच पाहिले होते.

"चांगल्या आहेत दोघी," मी म्हणालो.

"एवढंच? तू तर रिकाम्या डब्याचंही वर्णन करतोस."

सलीमभाई आरशातून माझ्याकडे बघत होता. आईने डोळे न उघडता मान डोलावली.

नितीनने पुन्हा विचारले नाही. इथे सांगलीतही दोघा-तिघांनी विचारले, त्यांनाही मी सांगितलेले नाही. आणि वाचकांनी समजून घ्यावे, इथेही ते लिहीत नाही.